ग्वाल्हेर: जुन्या कोठीतल्या हॉटेलात राहायचं तर खोली कशी निवडावी?

लष्करकर

थंडी जवळ आली की पुण्या-मुंबईहून, नागपूरहून विचारणा सुरू होते: ग्वाल्हेरला जुन्या, राजेशाही वास्तूत राहता येईल का, आणि तिथे नीट आराम मिळेल का? राहता येतं आणि आरामही मिळतो. मात्र जुन्या वास्तूत नुसतं हॉटेल निवडून भागत नाही, खोली निवडावी लागते. नव्या हॉटेलात 207 आणि 307 या खोल्या सारख्याच असतात. कोठीत एक खोली मुळात शेजघर असते, दुसरी व्हरांडा बंद करून काढलेली, तिसरी कारभाऱ्याची कचेरी. भाडं तिन्हींचं एकच, राहण्यातलं सुख मात्र अगदी वेगळं. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. दरबारातल्या सरदारांचे वाडे आणि कोठ्या इथेच उभ्या राहिल्या. जयाजीरावांच्या काळात मायकेल फिलोज यांनी जयविलास बांधला, 1874 साली. त्याच्या लगतचं शिंद्यांचं अतिथिगृह म्हणजे आजचा उषाकिरण पॅलेस. ते आता ताज समूह चालवतो. त्याखेरीज शहरात काही लहान कोठ्यांमध्ये मोजक्या खोल्या भाड्याने मिळतात. खालचं सगळं दोन्ही प्रकारांना लागू आहे, लहान कोठ्यांना जरा जास्तच.

मूळ इमारत की मागचं बांधकाम? पहिला प्रश्न हाच विचारा. बागेच्या टोकाला नंतर बांधलेल्या खोल्याही त्याच नावाने विकल्या जातात. त्या वाईट नसतात. नळाला जोर असतो, वायफाय चालतं, पायऱ्या बेताच्या असतात. पण जाळीचा झरोका आणि उंच छत यांसाठी येणार असाल, तर "मुख्य इमारतीतलीच खोली हवी" असं फोनवर सांगा आणि खोलीचा क्रमांक ईमेलवर लिहून घ्या. संकेतस्थळावरच्या फोटोत नेहमी सगळ्यात देखणी खोली असते.

दिशा आणि मजला. ग्वाल्हेरचा वालुकाश्म आणि चुन्याची दोन-अडीच फुटी भिंत ऊन लगेच आत सोडत नाही. उष्णतेला आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. म्हणजे मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारी चारला तापली की तिची धग पहाटे दोन-तीनला खोलीत जाणवते. तेव्हा उन्हाळ्यात उत्तरेची किंवा पुढे खोल व्हरांडा असलेली तळमजल्याची खोली घ्यावी. वरच्या मजल्याचं गणित निराळं असतं. छत दगडी पटियांचं (लांब फरश्यांचं), वर चुन्याचा कोबा, एकूण जाडी भिंतीच्या निम्मीही नसते. ते संध्याकाळीच तापून उठतं. जानेवारीत नेमकं उलट करायचं: दक्षिणेची, शक्यतो वरची खोली. तळमजल्याची उत्तरेची खोली थंडीत दुपारी बाराला सुद्धा बाहेरच्यापेक्षा गार असते.

लग्नाच्या तारखा. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कोठीचं खरं उत्पन्न पुष्कळदा हिरवळीवरच्या लग्नांतून येतं. कार्तिकी एकादशीनंतर वराती सुरू होतात, मध्य डिसेंबर ते मकरसंक्रांत हा खरमास असल्याने थांबतात, आणि मग पुन्हा सुरू होतात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नं नसतात. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद व्हायला हवा, पण मांडव आणि भांडी आवरण्याचा आवाज नंतरही चालतो. म्हणून आरक्षणाआधी थेट विचारा: "त्या तारखांना लॉनवर कार्यक्रम आहे का? असेल तर लॉनच्या मागच्या बाजूची खोली मिळेल का?"

शांतता हवी असेल तर माझ्या मते दोनच काळ उत्तम. एक श्रावण-भाद्रपद: दर उतरलेले असतात, किल्ला हिरवागार असतो आणि लष्करातले मराठी गणपती बघायला मिळतात. दुसरा खरमास, पण तेव्हा धुकं असतं आणि डिसेंबरातल्या तानसेन समारोहाच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. हा समारोह हजीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी होतो. 2024 साली त्याचं शंभरावं वर्ष झालं, तेव्हापासून गर्दीही वाढली आहे.

ज्यांना बांधकामाचं, नळाचं, बिलाचं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

---

चुनेगच्ची

लष्करकर, दिशेचा मुद्दा नेमका मांडलात. मी एसीबद्दल लिहितो, कारण जुन्या खोल्यांबद्दलच्या निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात.

हिशेब बघा. आजची खोली 12 बाय 14, छत 10 फूट, म्हणजे 1,680 घनफूट हवा. कोठीतली खोली 16 बाय 20, छत 16 फूट, म्हणजे 5,120 घनफूट. तिप्पट. त्यात भर म्हणजे दगड. एसी नुसती हवा गार करत नाही, तापलेल्या भिंतींशीही झुंजतो. दीड टनाचं यंत्र अशा खोलीत लावलं की पाहुणा रात्री दहाला येतो, 18 वर ठेवतो, तासाभराने "एसी बिघडलाय" म्हणून फोन करतो. यंत्र ठीकच असतं.

करायचं ते असं. संध्याकाळी बाहेर पडतानाच स्वागतकक्षात सांगून ठेवा, की परतायच्या दोन तास आधी एसी लावा. तापमान 24-25 ठेवा. 18 केल्याने दगड लवकर गार होत नाही. पंखा मंद चालू ठेवा. अशा खोल्यांत पंखा पाच-सहा फुटी दांड्यावर टांगलेला असतो, तो उगाच नव्हे. पाती जमिनीपासून साधारण नऊ-दहा फुटांवर आली तरच वारा पलंगापर्यंत पोचतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर बघा. छताच्या जरा खाली लहान आडवी खिडकी असते, रोशनदान. तिला मध्यावर कणा असतो, वरच्या कडेला दोरी बांधलेली, ती कप्पीवरून भिंतीलगत खाली येऊन एका पितळी खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळलेली असते. मूळ योजना अशी की गरम हवा वर चढून तिथून निघून जावी. एसी चालू असताना ते उघडं राहिलं तर बाहेरची गरम हवा आत येते आणि गारवा टिकत नाही. दोरी ढिली पडली की रोशनदान दोन बोटं उघडं राहतं आणि खालून कळतही नाही. खोलीत शिरल्यावर दोरी हलकेच ताणून झडप बसते का ते पाहा. दोरी कुजलेली दिसली तर स्वतः ओढू नका, तावदान खाली येईल. माणूस बोलवा.

मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरात एसीची गरजच नसते. सूर्य मावळल्यावर रोशनदान आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद करून पडदे ओढायचे. भिंत रात्रभर गार होते आणि तोच गारवा दुपारपर्यंत पुरतो. एवढ्या सुंदर युक्तीने बांधलेली खोली दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून तापवली जाते, याचं फार वाईट वाटतं.

---

मीनल_पुणे

फार उपयुक्त धागा. सोबत सत्तरी ओलांडलेले दोन जण असतील, एकाचे गुडघे दुखरे. जानेवारीचा दुसरा आठवडा ठरतोय. पायऱ्या, न्हाणीघर आणि थंडी या तीन गोष्टींबद्दल कुणी सांगेल का? बिलात जीएसटी किती लागेल तेही कळलं तर बरं.

---

जलतरंग

मीनलताई, न्हाणीघराचं मी सांगतो.

जुन्या कोठीत न्हाणीघर खोलीला जोडलेलं नव्हतंच, ते नंतर कपड्यांच्या खोलीत किंवा सज्जात बसवलं. त्यामुळे तीन अडचणी हमखास येतात.

पहिली, पाण्याचा जोर. टाकी गच्चीवर असते. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी आणि शॉवर यांत जेमतेम 3 मीटर अंतर, म्हणजे 0.3 बार. छतातल्या मोठ्या शॉवरला बारच्या आसपास दाब लागतो, तिथे पाणी नुसतं ठिबकतं. तळमजल्यावर मजल्याची 5 मीटर उंची मिळून 0.8 बार होतो, काम भागतं. दाबाचा पंप बसवलेला असेल तर प्रश्नच नाही. "शॉवरला प्रेशर पंप आहे का?" एवढं विचारा.

दुसरी, गरम पाणी. मध्यवर्ती बॉयलर असेल तर खोलीपर्यंतच्या नळात आधीचं गार पाणी असतं. आतून 20 मिमी व्यासाचा, 30 मीटर लांबीचा नळ धरला तर ते नऊ-साडेनऊ लिटर भरतं, म्हणजे अर्धी बादली. ते बादलीत काढून ठेवा, मग गरम पाणी येतं. दीड-दोन मिनिटांचं काम असतं, तेवढ्यात तक्रारीचा फोन करू नका. खोलीतच 25 लिटरचा गिझर असेल तर हिशेब असा: थंडीत नळाचं पाणी 15 अंश, गिझरचं 60, आंघोळीला 40 हवं, तर मिसळून साधारण 45 लिटर मिळतं. दोन बादल्या आणि वर थोडं. बाथटब भरायला दीडशे लिटर तरी लागतात, त्यामुळे गिझरवाल्या खोलीत टबचा आग्रह धरू नका. दोन किलोवॉटचा गिझर पुन्हा तापायला चाळीस मिनिटं घेतो. दोघा ज्येष्ठांच्या आंघोळीत तेवढं अंतर ठेवा.

तिसरी, वास. खोलीत शिरताच न्हाणीतून गटाराचा वास आला तर बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं. जमिनीतल्या जाळीखाली वाकड्या भागात साधारण 50 मिमी पाणी साठून राहतं, तेच गटाराची हवा अडवतं. खोली बरेच दिवस बंद राहिली की ते पाणी सुकतं. एक-दोन मग पाणी त्या जाळीत ओता, बेसिनचा आणि टबचा नळही मिनिटभर सोडा, खिडकी उघडा. अर्ध्या तासात वास जायला हवा. न गेला तर जोडणीतच दोष आहे, खोली बदलून मागा. अत्तराचा फवारा मारून वेळ मारून नेऊ देऊ नका.

---

लष्करकर

मीनलताई, पायऱ्यांचं. जुन्या जिन्याची पायरी आठ-नऊ इंच उंच असते, आजच्या घरात ती सहा-सात इंच असते. वळणावर पायरी त्रिकोणी होते आणि आतल्या बाजूला पाऊल ठेवायला जागाच उरत नाही. लिफ्ट बहुतेक लहान कोठ्यांत नाही, आणि असली तरी पहिल्या चार-पाच दगडी पायऱ्या चढल्यावरच ती भेटते. तेव्हा "लिफ्ट आहे का" एवढ्यावर थांबू नका. "गाडीतून उतरल्यापासून खोलीच्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, आणि कठडा कोणत्या बाजूला?" असं विचारा. उंबरठेही विचारात घ्या. खोली आणि न्हाणी यांमध्ये चार-सहा इंचांचा उंबरठा किंवा चौथरा असतोच, कारण न्हाणीची जमीन नळ टाकण्यासाठी उचललेली असते. रात्री अंधारात पडायला होतं ते तिथेच. एक लहान दिवा तिथे रात्रभर चालू ठेवा.

पलंगही उंच असतात. जुन्या खांबांच्या पलंगावर आजची जाड गादी टाकली की उंची तीस इंचांवर जाते. चढायला पायाखाली लाकडी पाट मागून घ्या, किंवा साधा पलंग असलेली खोली घ्या.

जानेवारीत मी वर दक्षिणेची, वरची खोली म्हटलं, पण गुडघे दुखत असतील तर तो विचार सोडा. तळमजल्याची, दक्षिणेला व्हरांडा असलेली खोली मागा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे ऊन व्हरांड्यात आत खोलवर येतं. ज्येष्ठांना दुपारी बसायला त्याहून चांगली जागा नाही.

---

चुनेगच्ची

थंडीबद्दल दोन गोष्टी, दोन्ही सुरक्षिततेच्या.

16 फुटी छताखाली पंख्याचा हीटर निरुपयोगी, गरम हवा थेट वर जाते. तेलाचा हीटर मागा आणि तो पलंगापासून तीनेक फुटांवर, पडद्यांपासून दूर ठेवा. तो 2,000 वॉटचा असतो, म्हणजे जवळपास 9 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचा मोठा प्लगच लागतो. जुन्या खोल्यांत पलंगाशेजारी 6 अँपिअरचे छोटे प्लग असतात. अडॅप्टर लावून हीटर तिथे जोडला की प्लग तापतो, वितळतो, मग ठिणगी. हे सगळं लाकडी पॅनेल आणि जड पडद्यांच्या शेजारी. म्हणून आधीच विचारा की मोठा प्लग कुठे आहे.

दुसरं, कोळशाची शेगडी कुणी प्रेमाने खोलीत आणून ठेवतो म्हणालं तरी ठेवू देऊ नका. ती व्हरांड्यात ठीक आहे. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

खोलीत पोचल्यावर खाली उतरायचा दुसरा जिना कुठे आहे ते चालून बघा. काही कोठ्यांत मागचा, नोकरांचा जिना असतो आणि त्याला कुलूप घातलेलं असतं. किल्ली कुणाकडे असते हे विचारायला संकोच नको.

---

हिशेबनीस

जीएसटीचं. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. आधी खालच्या टप्प्याला 12 होते. कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर ठरतो, छापील दरावर नाही. म्हणून 7,500 च्या सीमेवर घासाघीस करण्यात अर्थ आहे: 7,400 ची खोली करासह 7,770 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात जवळपास बाराशेचा. जादा पलंगाचे पैसे त्याच खोलीच्या भाड्यात धरले गेले तर सीमा ओलांडली जाऊ शकते, हे आधी विचारून घ्या.

महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या उपाहारगृहात जेवणावरही 18 टक्के लागतात, बाहेर साध्या उपाहारगृहात 5. न्याहारी भाड्यात धरलेली घ्या, जेवण बाहेरही करता येतं. सेवाशुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली. बिलात आलं तर काढायला सांगा. वाटल्यास ज्यांनी सेवा केली त्यांच्या हातात थेट द्या.

आणखी एक. परदेशी पासपोर्टवर येणारं कुणी सोबत असेल, घरचंच लेकरू का असेना, तर त्याची नोंद हॉटेलला 24 तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. लहान कोठ्या कधीकधी या कटकटीमुळे ऐन वेळी खोली नाकारतात. आरक्षणावेळीच सांगा. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड जवळ ठेवा.

---

मांडवी

बडोद्याहून. इथे लक्ष्मीविलास बघायला मिळतो, राहायला नाही, त्यामुळे आम्ही मंडळी राहण्यासाठी ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी जातो. पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक प्रश्न: श्रावणात खोलीत ओलीचा वास आणि भिंतीला पोपडे दिसतात. ते किती मनावर घ्यावं? आमच्याकडे लाकडी कोरीव घरांत ओल म्हणजे वाळवी, म्हणून धास्ती वाटते.

---

चुनेगच्ची

चांगला प्रश्न, जरा सविस्तर लिहितो, कारण ओल पाहून लोक चांगल्या खोल्या सोडतात आणि वाईट खोल्या घेतात.

दगड-चुन्याची भिंत जमिनीतलं पाणी थोडं वर ओढतेच. जुन्या पायात ओलरोधक थर नसतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हवेत उडून जातं, भिंत कोरडी होत राहते. गडबड होते ती नंतरच्या दुरुस्तीत. कुणीतरी सिमेंटचा गिलावा करतं आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट लावतं. आता पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते अजून वर चढतं, सोबत क्षार आणतं, क्षार रंगाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि पोपडे सुटतात. हाच लोणा. त्यावर पुन्हा प्लास्टिक पेंट लावला की पुढच्या वर्षी लोणा फूटभर वर गेलेला असतो. गेल्या दीडशे वर्षांत पावसाने जे केलं नाही ते एका डब्याने होतं.

ओळखायचं कसं? जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत फिकट, पिठूळ दिसते, हात लावला तर पांढरी भुकटी येते, पण वास नाही: चुन्याची श्वास घेणारी भिंत आहे, राहायला काही हरकत नाही. फक्त पलंगाचा डोकेभाग आणि बॅगा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. रंग फुग्यासारखा उचललाय, कोपऱ्यात काळे ठिपके आहेत, कपाट उघडलं की कुबट वास येतो: खोली बदला, विशेषतः कुणाला दमा असेल तर. छताला तपकिरी वर्तुळ दिसलं तर गच्चीतून गळती आहे. त्याखाली पलंग नको.

एक साधी परीक्षा: कपाटातली चादर हाताला गार, जड लागते का? लागत असेल तर त्या खोलीत हवा खेळत नाही.

पावसाळ्यात दारंही फुगतात. कडी बसत नसेल तर धक्के मारू नका, चौकट खिळखिळी होते. दार किंचित वर उचलून ओढलं की कोयंडा सरळ रेषेत येतो आणि कडी बसते.

---

राजवाडा_परिसर

इंदूरहून भर. आमच्याकडे लालबाग बघण्यापुरता, माणिकबागेत सरकारी कार्यालय. वाड्यात राहायचं तर महेश्वरच गाठावं लागतं, अहिल्या वाड्यातलं हॉटेल नर्मदेवर आहे. तिथे काय आणि ग्वाल्हेरला काय, कामासाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: जाड दगडी भिंतीतून वायफाय जात नाही, त्यातही 5 गिगाहर्ट्झचा पट्टा अजिबात नाही. 2.4 चा पट्टा निवडला तर थोडा येतो. "वायफाय आहे का" याला उत्तर नेहमी "हो" असतं. "खोलीतच उपकरण आहे की व्हरांड्यात?" हे विचारा. मोबाइलचं जाळं खिडकीत उभं राहिल्यावर मिळतं, म्हणून ऑनलाइन बैठक असेल तर टेबल खिडकीशी मागा. श्वासाचं यंत्र वापरणाऱ्यांनी पाच मीटरची जोडवायर बरोबर न्यावी, प्लग पलंगापाशी असेलच असं नाही.

आणि "हेरिटेज" या पाटीला भुलू नका. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात बेसिकसाठी इमारत 1950 पूर्वीची आणि किमान 5 खोल्या, क्लासिक आणि ग्रँडसाठी 1935 पूर्वीची आणि किमान 15 खोल्या लागतात. वर्गीकरण ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रमाणपत्र नसलेली कोठीही अस्सल असू शकते. पण पाटी असेल तर "कोणत्या वर्गात?" असं विचारायला काय हरकत आहे.

---

लष्करकर

डासांचं राहिलं. दगडी जाळी देखणी असते, पण तिच्या प्रत्येक भोकातून डास येतो. जाळीच्या आत काचेची किंवा बारीक तारजाळीची झडप आहे का ते बघा. नसेल तर सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी खिडक्या लावून घ्या आणि रात्री नऊनंतर हवेसाठी उघडा. मच्छरदाणी मागितली तर मिळते, खांबांच्या पलंगाला ती नीट बांधता येते.

जाळीच्या कट्ट्यावर चहाचा कप, तेलाची बाटली, उदबत्ती ठेवू नका, ही मनापासून विनंती. वालुकाश्म सच्छिद्र असतो. तेल शिरलं की डाग निघत नाही, घासला तर कोरीवकामाची कडच जाते.

फिरण्याचं थोडक्यात. किल्ल्यावर सकाळी जा. गाडीने उरवाई दरवाजाकडून, वाटेत जैन मूर्ती लागतात. चालत ग्वाल्हेर दरवाजाने, गुजरी महालापासून. चढावर चतुर्भुज मंदिर आहे, तिथल्या 876 च्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे. पण ही वाट चढणीची, ज्येष्ठांना गाडीनेच न्या. जयविलासच्या दरबार सभागृहातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला हत्ती वर चढवले होते, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. संध्याकाळी लष्करातला बाडा हा चौक, नया बाजारात बहादुराचे लाडू, आणि थंडीत ताजी गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई).

---

मीनल_पुणे

सगळ्यांचे आभार. फोन करून तळमजला, दक्षिणेचा व्हरांडा, तेलाचा हीटर आणि पायऱ्यांची संख्या हे सगळं विचारलं. त्यांनी खोलीचा क्रमांक ईमेलवर दिला. लॉनवर 14 तारखेपर्यंत कार्यक्रम नाही. आता एकच: झेलमने यावं की गोवा एक्सप्रेसने, आणि धुक्याने गाडी रखडली तर खोलीचं काय?

---

लष्करकर

दोन्ही पुण्याहून मनमाड, भोपाळ, झाशीमार्गे येतात, जी ज्येष्ठांना सोयीच्या वेळी पोचते ती घ्या. धुकं मुख्यतः ग्वाल्हेरच्या उत्तरेला, त्यामुळे येताना त्रास कमी. परतीची गाडी उत्तरेकडून येते, ती जानेवारीत काही तास रखडू शकते. म्हणून दोन गोष्टी आजच लिहून घ्या: परतीच्या दिवशी उशिरा खोली सोडायची मुभा अर्ध्या भाड्यात मिळेल का, आणि येताना गाडी रात्री उशिरा पोचली तर आरक्षण रद्द न करता खोली धरून ठेवतील का. लहान कोठीत रात्री अकरानंतर फाटकावर एकच माणूस असतो, त्याचा मोबाइल क्रमांक मागून घ्या. झाशी सुटली की फोन करा. तिथून सव्वा-दीड तास लागतो, तेवढ्यात हीटर लावून खोली उबदार करून ठेवतील.